डोंगरावरचे पंखे



जांबेच्या बाजूच्या माणसाला सज्जनगडाची ओढ असते. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आमच्या जालना जिल्ह्यात, आजच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी झाला आणि त्यांनी देह ठेवला तो साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर. यामुळे आमच्याकडील माणसे सवड सापडेल तेव्हा शहागडाच्या पुलावरून गोदावरी ओलांडतात आणि दक्षिणेची वाट धरतात. अशाच एका फेरीत मी, माझी मामी, तिचा मुलगा आणि गाडीचा चालक असे चौघेजण गडाच्या तटापाशी उभे होतो. दर्शन झाले होते, प्रसाद झाला होता, आणि समोर ठोसेघर-चाळकेवाडीच्या बाजूस पठाराच्या कडेवर पांढऱ्या पवनचक्क्यांची रांग दिसत होती.

चालक म्हणाला, "एकेकाची किंमत किती कोटी असेल?" मामेभाऊ म्हणाला, "खालची जमीन कुणाची असेल?" मामी पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि शेवटी म्हणाली, "एवढं गरगर फिरायलेत, ते कुणासाठी?" मी शाळेत विज्ञान शिकविण्यात हयात घालविलेला मनुष्य. मी वाऱ्याचा वेग, पात्यांचा आकार, जनित्राची रचना इत्यादी गोष्टी सांगू लागलो आणि गड उतरेपर्यंत सांगत राहिलो. आज मागे वळून पाहता असे वाटते की त्या चौघांत सर्वात कमी कामाचे बोलणे माझेच होते. तसे का वाटते, त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. आपण या यंत्राला पवनचक्की म्हणतो, परंतु त्यात दळले काहीच जात नाही. जुन्या काळी वाऱ्यावर आणि पाण्यावर खरोखरीच्या चक्क्या चालत. आमच्या शेजारी औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्की आहे. दूरच्या डोंगरातले पाणी नळाने आणून, ते उंचावरून पाडून, त्याच्या जोरावर तेथे जाते फिरवीत आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी येणाऱ्या फकिरांसाठी व गोरगरिबांसाठी पीठ दळीत. आज तेथे पीठ पडत नाही, पण मुलेबाळे घेऊन लोक जातात आणि हौदाच्या काठी बसतात. ती चक्की शहराला कुरूप करते असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. याचे कारण तिच्या दगडी बांधणीत असेल. पण मला वाटते, त्याहून अधिक ते त्या पिठात आहे. जिच्यातून निघालेले पीठ आपल्या ओंजळीत पडते ती चक्की डोळ्यांना खुपत नाही. डोंगरावरच्या पंख्यांतून जे निघते ते तारेवाटे दूर जाते, आणि ज्याच्या वावरात तो पंखा उभा असतो त्याच्या हातावर त्यातले चिमूटभरही पडताना दिसत नाही.

वाऱ्यावर वीज करण्याची कल्पना फार नवी आहे असे नाही. स्कॉटलंडात जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकाने १८८७ साली, आणि अमेरिकेत चार्ल्स ब्रश याने त्याच सुमारास, आपापल्या घरची वीज वाऱ्यापासून काढली होती. आपल्या देशात मात्र अशा यंत्रांचे समूह १९८६ च्या सुमारास प्रथम उभे राहिले. गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तुतिकोरीन आणि महाराष्ट्रात रत्नागिरीचा किनारा ही त्यांची पहिली ठिकाणे होत. ती यंत्रे अवघी पंचावन्न किलोवॅटची, आजच्या मानाने खेळणीच म्हणावयाची. पुढे पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयावरील वनकुसवड्याच्या पठारावर, चाळकेवाडीला, सांगलीकडच्या माळांवर, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या परिसरात असे करीत करीत हे पंखे अलीकडे मराठवाड्यात, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत आले. महाराष्ट्रात आज त्यांची एकंदर शक्ती पाच हजार मेगावॅटच्या वर आहे, आणि २०२५ साली सबंध देशाचा आकडा पन्नास हजारांवर गेला.

हे पंखे डोंगराच्या माथ्यावरच का बसवितात, असे मला पुष्कळजण विचारतात. याचे उत्तर गणितात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्यातील शक्ती दुप्पट होत नाही, ती आठपट होते. म्हणून जेथे वारा थोडासा जरी अधिक तेथे लाभ पुष्कळ अधिक, आणि असा वारा उघड्या माथ्यावर मिळतो. यातून एक गोष्ट आपोआप निघते, ती ही की पवनचक्की लपविता येत नाही. परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाहावयाचे नसेल तर वाट वाकडी करून जाता येते. डोंगराच्या शेंडीवर उभा असलेला पंखा मात्र दहा गावांच्या अंगणात उभा असतो. दौलताबादचा चांदमिनार आपल्यांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची उंची त्रेसष्ट मीटरच्या आसपास आहे. हल्लीच्या मोठ्या यंत्राचे नुसते एक पाते तेवढे लांब असते, आणि मनोरा त्याच्या दुपटीस जातो. असे एक पाते लांबलचक गाडीवर लादून महामार्गाने चालले होते तेव्हा मी शहागडला चहाच्या दुकानात होतो. वळणावर ते अडले आणि अर्धा तास वाहतूक थांबली. एरवी पाच मिनिटांत शिव्यांवर येणारी माणसे त्या दिवशी पाहुण्याला वाट द्यावी तशी बाजूला उभी होती. म्हाताऱ्या माणसांनी डोक्यावरची टोपी मागे सारून ते पाहिले. नवे आणि प्रचंड जे असते त्याच्याविषयी आपल्या मनात प्रथम आदरच असतो. तक्रार मागाहून सुरू होते.

युरोपात तक्रार सुरू झाली ती बव्हंशी सौंदर्याची. पॅरिसचा आयफेल मनोरा उभा राहत होता तेव्हा, १८८७ साली, तेथील नामांकित लेखक व कलावंत यांनी वर्तमानपत्रात निषेध छापला होता. मोपासां त्यांत होता, संगीतकार गुनो होता. पुढे तोच मनोरा त्या शहराची खूण होऊन बसला. हॉलंडातील जुन्या पवनचक्क्या एके काळी खोलगट जमिनीतले पाणी उपसणारी रोजच्या कामाची यंत्रे होती. आज किंडरडाइकच्या चक्क्यांना जागतिक वारशाचा मान आहे. इंग्लंडात मात्र डोंगरउतारावर नवा पंखा उभा करावयाचा म्हटले की अजूनही सभा भरतात आणि क्षितिज बिघडते म्हणून अर्ज जातात. त्यांना हसण्याचे कारण नाही. क्षितिज ही सर्वांच्या मालकीची वस्तू आहे आणि ती विचारल्यावाचून बदलली तर माणसाला राग येणारच.

आपल्याकडेही सौंदर्याची तक्रार आहे, परंतु ती बहुधा पुण्यामुंबईहून सुटीच्या दिवशी आलेल्या मंडळींची असते. कास पठाराची फुले पाहून परतताना त्यांना हे खांब खटकतात. उलट ठोसेघरचा धबधबा पाहावयास आलेली तशीच दुसरी मंडळी चाळकेवाडीला मुद्दाम जातात आणि त्याच खांबांपाशी उभे राहून फोटो काढतात. मला स्वतःला विचाराल तर ते दूरून सुंदर दिसतात, जवळून भयंकर. खाली उभे राहिले असता डोक्यावरून पाते येते त्या वेळी जो हुंकारासारखा आवाज होतो, तो ऐकत रात्र काढावी असे मला वाटत नाही. पण त्याच्याखाली राहणाऱ्या माणसाकडून सौंदर्याविषयी एक शब्दही मी ऐकलेला नाही. त्याची तक्रार निराळी असते. तो म्हणतो, या पंख्यांनी पाऊस पळविला.

ही समजूत सातारा-सांगलीकडे या शतकाच्या आरंभी, अवर्षणाच्या वर्षांत पसरली. पुढे धुळ्याकडे गेली आणि पंख्यांबरोबर आता बालाघाटावर आली आहे. माझे आजोळ बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा तालुक्यात आहे. सज्जनगडावर जमिनीची चौकशी करणारा तो मामेभाऊ तेथे शेती करतो. गडाच्या फेरीनंतर काही वर्षांनी त्याचा मला फोन आला. त्याच्या माळावर वारा मोजून झाला होता आणि कंपनीच्या वतीने एक मधला माणूस कागद घेऊन दारी येत होता. मामेभावाने मला दोन प्रश्न विचारले. पहिला असा : "दादा, पंख्यानं ढग फाटतेत, पाऊस पळून जातो म्हनतेत लोकं. खरं हाय का?" आणि दुसरा : "कागदावर सही करू का नको?"

पहिल्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते अजूनही मला बरोबरच वाटते, म्हणून ते आपणांसही सांगतो. पाऊस देणाऱ्या मोठ्या ढगांचा तळ साधारण एक किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून वर असतो आणि शेंडा दहा-बारा किलोमीटरपर्यंत जातो. पंख्याचे टोक पोहोचते ते दोनशे मीटरच्या आसपास. शेकडो कोस समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्याच्या प्रवाहापुढे माळावरचे दहावीस खांब म्हणजे पुरात उभ्या केलेल्या काठ्या होत. अशा समूहांचा हवेवर अगदीच परिणाम होत नाही असे नाही. अमेरिकेत टेक्ससमधील यंत्रांचा उपग्रहाच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात रात्रीच्या वेळी यंत्रांच्या परिसरात जमिनीलगतचे तापमान किंचित वाढलेले आढळले, कारण पाती वरची उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळतात. परंतु हवा घुसळणे निराळे आणि मोसमी पाऊस परतविणे निराळे. आणि सर्वात साधा पुरावा आपल्या घरातल्या वृद्धांपाशी आहे. १९७२ सालच्या दुष्काळात मराठवाडा होरपळला तेव्हा महाराष्ट्रात वीज करणाऱ्या पवनचक्क्यांचा एकही समूह नव्हता. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. त्याचा पाऊस पळविण्यास सह्याद्री समर्थ आहे, त्याला पंख्यांची गरज नाही.

तरीही ही समजूत का रुजावी, याचा मी पुढे विचार केला. आपल्याकडे वारा वर्षभर सारखा नसतो. या यंत्रांची सुगी म्हणजे जून ते सप्टेंबर, नैर्ऋत्येच्या वाऱ्याचे महिने. म्हणजे ज्या दिवसांत शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, नेमक्या त्याच दिवसांत हे पंखे सर्वात जोराने फिरतात. पावसाने दडी मारली, ढग डोक्यावरून कोरडेच धावू लागले, की त्या धावणाऱ्या ढगांखाली फिरणारे पाते त्याला दिसते. सह्याद्रीच्या माथ्यावर तर ढग खाली उतरून खांबांत उभे राहतात, आणि पाती ते कापीत आहेत असे डोळ्यांना प्रत्यक्ष दिसते. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे म्हणावे? शिवाय दुष्काळ कोणी केला हे विचारावयास दुष्काळात कोणीच सापडत नाही. पंख्याला निदान मालक आहे.

हे सर्व मी मामेभावाला सांगितले. त्याच्या गावी गेलो असता पारावर बसून आठदहा माणसांनाही सांगितले. त्यांनी आदराने ऐकले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी फोनवर एका वाक्यात उत्तर दिले होते : "कागद वकिलाला दाखव आणि तुझ्या सोयीने कर." माझ्या मनात आले, हा त्याचा घरगुती व्यवहार, यात विज्ञानाचे काय?

त्याने सही केली. वकिलाला दाखविले नव्हते. वकील तालुक्याला, आणि मधला माणूस दारात. पंखा उभा राहिला. पैसे ठरल्याप्रमाणे, थोडे उशिराने, मिळाले. त्यांतून त्याने मुलीच्या शिक्षणाचे कर्ज फेडले, हेही सांगितले पाहिजे. परंतु एवढा मोठा मनोरा माळावर न्यावयाचा तर आधी रस्ता पाहिजे, आणि तो रस्ताही अवजड यंत्रे पेलणारा, रुंद, मुरूम टाकून उंच केलेला. तो मामेभावाच्या व शेजाऱ्याच्या बांधाच्या कडेने वर गेला. पूर्वी माळावरचे पाणी तीन ओघळींनी पसरून, बांधाबांधाला थांबत, सावकाश नाल्याला जाई. रस्त्याने त्या तिन्ही ओघळी अडविल्या. मोरी कोणी घातली नाही. पहिल्याच मोठ्या पावसात सारे पाणी रस्त्याच्या कडेने एकवटून शेजाऱ्याच्या वावरात उतरले, पेरणी माती सकट धुऊन गेली, आणि उरलेला गाळ विहिरीत जाऊन बसला. खालच्या अंगाला ज्या दोन वावरांत त्या पाण्याची ओल राहत असे ती कोरडी पडली.

त्या शेजाऱ्यांना सारे गाव तात्या म्हणते. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते पारावर बसले होते. मामेभावाशी त्यांचे बोलणे बंद झाले होते. तीन पिढ्यांचा घरोबा, एकमेकांच्या लग्नात पंगती वाढलेल्या. मला पाहून ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगून गेलता पंखा पाऊस पळवीत न्हाई. मग माझ्या वावरातला कुठं गेला?"

मी निरुत्तर झालो. ढगांची उंची मला ठाऊक होती, ओघळींची संख्या ठाऊक नव्हती. मी ज्याला अडाणी समजूत म्हणून बाजूला सारले होते तिच्या खाली एक अगदी खरी गोष्ट दडलेली होती. पाणी खरोखर पळाले होते. फक्त ते आभाळातून पळाले नव्हते, जमिनीवरून पळाले होते.

घरी आल्यावर मी या दृष्टीने पुन्हा वाचू लागलो, आणि मला दिसले की आमच्या माळाची गोष्ट एकटी नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने आपला अहवाल २०११ साली दिला. भीमाशंकरजवळच्या डोंगरांवरील पवनचक्क्यांविषयी त्यात जे लिहिले आहे त्यात वाऱ्याविषयी फारसे काही नाही. आहे ते रस्त्यांविषयी. चढाचे रस्ते वाईट रीतीने कापल्यामुळे जंगल तुटले, दरडी सुटल्या आणि राडारोडा खालच्या सुपीक शेतांत व जलाशयांत जाऊन पडला, असा त्याचा आशय आहे. साक्री तालुक्यात वनजमिनीवर पंखे आले तेव्हा आदिवासी कसणाऱ्यांनी विचारले, की आमच्या नावावर जी जमीन होत नव्हती ती यांना कशी मिळाली? आणि डोंगर ज्यांचा त्यांना न विचारता तेथून वीज नेण्याचा वाद महाराष्ट्रात याहूनही जुना आहे. १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यात धरण होऊ लागले ते मुंबईला वीज पुरविण्यासाठी. मावळ्यांच्या बाजूने सेनापती बापट उभे राहिले, तुरुंगात गेले, आणि तरी धरण झाले. त्या वेळीही विजेला कोणाचा विरोध नव्हता.

येथे दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अन्याय करीन. कोळशाच्या केंद्राला पाणी लागते, आणि पुष्कळ लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. त्याच दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी डोळ्यांत पाणी आणून झाडांवर कुऱ्हाड घातली. अशा मुलखात पाण्याचा थेंब न पिता वीज देणारे यंत्र ही लहान गोष्ट नव्हे. आणि जालन्याच्या माणसाने तर विजेविरुद्ध बोलूच नये. आमच्या शहराची कीर्ती बियाण्यांची आणि लोखंडाची. सळया ओढणाऱ्या आमच्या कारखान्यांच्या भट्ट्या रात्रंदिवस वीज खातात, आणि प्रत्येक पंख्याच्या पायात काँक्रीटबरोबर सळयांचा जो प्रचंड पिंजरा पुरलेला असतो तोही अशाच भट्ट्यांतून येतो. म्हणून पंखे नकोत असे मी म्हणत नाही. आमच्या उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आहेत. उद्या तेथे वारा मोजणारा खांब उभा राहिला तर मला आश्चर्य वाटणार नाही, दुःखही वाटणार नाही. पण त्या दिवशी पारावर मला बोलाविले तर मी ढगांची उंची सांगत बसणार नाही.

जाता जाता एका चिमुकल्या प्राण्याची हकीकत सांगतो, कारण ती मला फार उद्बोधक वाटली. चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा राहतो. विणीच्या दिवसांत नर आपल्या गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी झालर पंख्यासारखी उघडतो. मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले, आणि त्यामुळे हे सरडे वाढले. त्यांच्या अंगातली भीतीची द्रव्येही कमी झाल्याचे दिसले; माणूस जवळ आला तरी ते पूर्वीइतक्या लगबगीने पळत नाहीत. म्हणजे पंख्याविषयी सरड्याचे मत उत्तम आहे आणि ससाण्याचे वाईट. डोंगर एकच, पंखाही एकच. माळावर पंखा आला तेव्हा मामेभाऊ आणि तात्या यांचे असेच झाले होते, एवढेच की सरडा आणि ससाणा एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

पैशाने माणसामाणसांत काय होते याचे भयंकर रूपही आम्ही शेजारी पाहिले आहे. २०२४ च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनऊर्जेच्या प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीतून ते प्रकरण वाढत गेले, असे तपास करणाऱ्यांनी न्यायालयापुढे मांडले आहे. त्यावर अधिक बोलण्याचा अधिकार न्यायालयाचा. मी एवढेच म्हणतो की माळावर वाऱ्याखेरीज दुसरेही पुष्कळ काही वाहू लागते.

तात्यांच्या प्रश्नानंतर मी मामेभावाला म्हटले, तो कागद आण. कागद इंग्रजीत होता, मराठीत दीड पानाचा गोषवारा जोडलेला. ओसरीवर बसून मी तो ओळीओळीने वाचला आणि मराठीत सांगितला. तीन तास लागले. मामी दोनदा चहा करून गेली. त्यात मुदत किती वर्षांची, भाडे किती, तारा कोठून न्यावयाच्या, झाडे किती अंतरापर्यंत तोडावयाची, यंत्र बंद पडले तर माणसांना केव्हाही आत येण्याचा अधिकार कसा, हे सगळे होते. रस्त्याची रुंदी मीटरमध्ये दिली होती. पाण्याविषयी एक अक्षर नव्हते. मामेभाऊ म्हणाला, "दादा, हे तेव्हाच वाचलं असतं तर!" हे तो स्वतःला उद्देशून म्हणाला, पण मला ते लागले, कारण इंग्रजी मला येत होते आणि फोन मलाच आला होता.

मग आम्ही अर्ज केले; कंपनीकडे केला, ग्रामपंचायतीत दिला, तहसिलीत दिला. हेलपाटे झाले. शेवटी दुसऱ्या वर्षी मृगाच्या आधी रस्त्याखाली दोन नळ्या बसल्या. ओघळी तीन आणि नळ्या दोन. तिसरीसाठी मामेभावाने आपल्या बाजूचा बांध फोडून वाट करून दिली, आणि तात्यांच्या वावरात आपल्या ट्रॅक्टरने नाल्यातला गाळ नेऊन टाकला. तात्यांनी तो टाकू दिला. बोलणे अजून पुरते सुरू झालेले नाही. पण गेल्या संक्रांतीला त्यांच्या घरून तिळगूळ आला, तो लहान मुलाच्या हाती पाठविलेला.

त्यानंतर पावसाळ्यात एक रात्र मी तेथे मुक्कामाला होतो. सायंकाळपासून भुरभुर चालू होती, वारा जोराचा होता, आणि गावातली वीज गेलेली होती. ओसरीवर कंदील ठेवून आम्ही बसलो होतो. माळावरचा पंखा अंधारात दिसत नव्हता, आवाज मात्र येत होता, आणि मनोऱ्याच्या शेंड्यावर, विमानांना दिसावा म्हणून लावलेला तांबडा दिवा उघडझाप करीत होता. मामी त्याच्याकडे पाहत होती. सज्जनगडावर तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही, हे मला त्या वेळी आठवले. मी काही म्हणणार एवढ्यात तीच म्हणाली, "बघ बाबा, त्याच्या घरी लाइट हाय."